वेल्डजवळ झिंक धरत नाही

प्रश्न: एमएस (माइल्ड स्टील) अँगलच्या फ्रेम हॉट डिपला, म्हणजे वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून थर चढवायला जातात. वेल्डच्या कडेला आणि पेंटने लिहिलेल्या मार्किंगवर काळे डाग राहतात. झिंकआधी सफाईच्या ॲसिडमध्ये जास्त वेळ ठेवू का?

उत्तर १: नको. हायड्रोक्लोरिक ॲसिड गंज आणि मिलस्केल (गरम रोलिंगमध्ये बसलेला ऑक्साइडचा काळा थर) काढतं. तेल, ऑइल पेंट, वेल्डचा स्लॅग (वेल्डवर जमणारं काचेसारखं कवच) त्याला दाद देत नाहीत. स्लॅग चिपिंग हॅमरने, पेंट ग्राइंडरने आधीच काढा. ॲसिडात जास्त ठेवलं तर पृष्ठभाग खडबडीत होतो, एवढंच.

उत्तर २: ॲसिडच्या आधी कॉस्टिक (तेल काढणारं कॉस्टिक सोड्याचं द्रावण) बघा, 60–80 अंश लागतं. धुतल्यावर पाण्याचा सलग थर टिकला तर ठीक. थेंब थेंब तुटला तर तेल अजून आहे. ॲसिड 10–15 टक्के घ्या, 4–5 वर उतरलं की बदला. पिकलिंगनंतरचं (ॲसिडच्या सफाईनंतरचं) धुणं मात्र कुणी मनावर घेत नाही! नीट धुतलं नाही तर ॲसिडमधलं लोखंड फ्लक्समध्ये (झिंकआधीच्या क्षारांच्या द्रावणात) येतं आणि तिथून झिंकमध्ये गेलेलं 1 ग्रॅम लोखंड साधारण 25 ग्रॅम झिंक ड्रॉसमध्ये (तळाशी बसणाऱ्या गाळात) घालवतं.

उत्तर ३: फ्रेममध्ये बंद पाइप असेल तर व्हेंट होल (हवा-वाफ बाहेर जायला भोक) हवंच. आत अडकलेल्या पाण्याची 450 अंशांच्या झिंकमध्ये वाफ होऊन पाइप फुटतो.

प्रश्नकर्ता: मार्किंग पेंटऐवजी पंचिंगने (धातूवर अक्षरं ठोकून) केलं तर?

उत्तर १: उत्तम. खोल मारा, नाहीतर झिंकखाली अक्षरं बुजतात.