रासायनिक सुरक्षेचे प्रशिक्षण सहीपुरतेच उरले आहे. ते खरे कसे करावे?

प्रश्न — प्लेटिंगवाला, शिरोली एमआयडीसी

आमचा झिंक प्लेटिंगचा कारखाना आहे. तिन्ही पाळ्या मिळून साठेक माणसे काम करतात. त्यांतली निम्मी ठेकेदाराकडची आणि त्यांतही बरीचशी बिहार-ओडिशाकडची आहेत. गेल्या महिन्यात रात्रपाळीच्या एका मुलाने जागा साफ करताना सांडपाण्याच्या टाकीशेजारचा अर्धा भरलेला कॅन पिकलिंगच्या (अ‍ॅसिडने गंज काढण्याच्या कामाच्या) गटारीत ओतला. गटारीतून हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे धुवणपाणी वाहते हे त्याला पक्के ठाऊक होते. कॅनमध्ये हायपो आहे हे मात्र ठाऊक नव्हते, कारण मोठ्या पिंपातला हायपो पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरच्या कॅनमध्ये काढून ठेवण्याची सवय आमच्याकडे वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. बघता बघता पिवळसर हिरवा वायू गुडघाभर उंचीवर पसरला. शटर उघडे होते म्हणून बरे, तरीही दोघांना जबर खोकला लागला आणि त्यांतल्या एकाला रात्रभर रुग्णालयात ठेवावे लागले.

मला सर्वांत जास्त टोचते ते हे की, त्या मुलाची प्रशिक्षणाच्या रजिस्टरवर रीतसर सही आहे. दर वर्षी ४ मार्चला सुरक्षा दिनानिमित्त बाहेरून वक्ते येतात, दोन तास पडद्यावर चित्रे दाखवतात, शपथ होते, चहा-वडा होतो आणि सह्या होतात. कामगारांना नेमके काय आणि कोणत्या पद्धतीने शिकवावे आणि आम्ही व्यवस्थापनातल्या लोकांनी स्वतः काय शिकावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर — निवृत्त सुरक्षा अधिकारी

साहेब, त्या मुलाला दोष न देता आपण कॅनचा उल्लेख केलात, हे मला आवडले. आपल्या प्रशिक्षणाचा पहिला धडा त्या कॅनपासूनच सुरू करावा, असे मी सुचवीन.

आधी शब्दांचा घोळ पाहा. आपल्याकडे हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. जुन्या फोटो स्टुडिओत काम केलेल्या माणसाला हायपो म्हणजे थायोसल्फेट वाटते. आणि इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमधून आलेल्या कामगाराच्या तोंडी ‘हायड्रो’ असतो, तो सोडियम हायड्रोसल्फाइट, ज्याला थोडे पाणी लागले तरी तो तापतो आणि प्रसंगी पेटतो. दोन पाळ्यांच्या आरडाओरड्यात हायपो आणि हायड्रो यांच्यातला फरक ऐकू येत नाही. म्हणून पडद्यावरची चित्रे बाजूला ठेवून एक दिवस फक्त एवढेच करा: प्रत्येक कामगाराला घेऊन शॉपमधून फिरा, प्रत्येक पिंपाला आणि डब्याला तो काय म्हणतो ते लिहून घ्या, आणि मग त्याच नावाखाली रसायनाचे खरे नाव व धोक्याचे चिन्ह असलेली चिठ्ठी लावा. पिण्याच्या पाण्याचे कॅन त्याच दिवशी शॉपमधून हद्दपार करा. त्यासाठी कोणत्याही प्रशिक्षणाची वाट पाहायची नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्याकडे सांडपाण्यासाठी हायपो वापरला जातो, त्याअर्थी आपले झिंक बहुधा सायनाइडच्या बाथमधले (प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाकीतले) असावे. हायपोने सायनाइड मारायचे तर पाण्याचा पीएच १० च्या वर राखावा लागतो. त्या पाण्यात अ‍ॅसिड गेले, तर एकीकडे क्लोरिन आणि दुसरीकडे हायड्रोजन सायनाइड, असे दोन्ही सुटण्याची शक्यता असते. तुमच्या मुलांनी क्लोरिन पाहिला, कारण तो डोळ्यांना दिसतो आणि नाकाला झोंबतो. सायनाइडचा वायू दिसत नाही आणि कित्येकांना त्याचा वासही येत नाही. अ‍ॅसिडची आणि सायनाइडची गटार, बादली, मग आणि साठवणीची जागा वेगवेगळी असली पाहिजे, हे कामगाराला नुसते सांगून भागत नाही. ‘ही बादली तिकडे नेलीस तर काय होईल?’ असे विचारावे आणि उत्तर त्याच्या तोंडून, त्याच्या भाषेत यावे.

प्रत्येक रसायनाबरोबर पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या. त्याचे १६ विभाग असतात. ते सगळे कामगाराने वाचावेत ही अपेक्षा व्यर्थ आहे. प्रथमोपचार, सांडल्यास काय करायचे, साठवण, संरक्षक साधने आणि कशाबरोबर मिसळू नये, एवढे पाच विभाग मराठीत व हिंदीत एका पानावर उतरवून ते पान बाथजवळच टांगावे. डोळे धुण्याच्या नळाचा सराव तर डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यावा. अ‍ॅसिड उडालेला माणूस डोळे मिटूनच धावतो. आमच्याकडे पहिल्या खेपेस अकरा जणांपैकी चौघे थेट रॅकवर जाऊन आदळले, कारण नळाच्या वाटेत कोणीतरी पॅलेट रचून ठेवली होती. ती पॅलेट त्या दिवसापर्यंत कोणाच्याच डोळ्यावर आली नव्हती. नळ सापडल्यावर किमान १५ मिनिटे पाणी मारत राहायचे असते, आणि पंधरा मिनिटे किती लांब असतात हे घड्याळ लावल्याशिवाय कळत नाही.

उत्तर — फाउंड्रीतला सुपरवायझर, गोकुळ शिरगाव

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. मी फक्त व्यवस्थापनाच्या बाजूने भर घालतो. आमच्याकडे फ्युरान पद्धतीने, म्हणजे वाळू रेझिनने घट्ट करून, साचे होतात. वाळूत आधी अ‍ॅसिड हार्डनर मिसळायचा आणि त्यानंतर रेझिन. ही दोन्ही वाळूवाचून थेट एकत्र आली तर इतकी उष्णता निर्माण होते की भांडे फुटू शकते. हा नियम आमच्या मिक्सरवरच्या मामांना झोपेतही पाठ आहे. असे असूनही एकदा खरेदी विभागाने स्वस्त पडतो म्हणून दुसऱ्या पुरवठादाराचा हार्डनर आणला, आणि त्याची पिंपे रेझिनच्या पिंपांसारखीच निळी निघाली. मामांनी बुच उघडण्याआधी वास घेऊन ओळखले म्हणून वाचलो. वास घेऊन रसायन ओळखणे ही स्वतःच एक वाईट सवय आहे, हे मी जाणतो. पण त्या दिवशी आमच्याजवळ दुसरे काही नव्हते.

त्या प्रसंगात प्रशिक्षणाची गरज मामांना नव्हती, खरेदी विभागाला आणि मला होती. पुरवठादार बदलला, पिंपाचा रंग बदलला, तीव्रता बदलली, तर माल गेटमधून आत येण्यापूर्वी कोणी सही करायची, हे ठरलेले असावे. मास्कचे तसेच आहे: धुळीचा मास्क वायूला अडवत नाही, काडतूस (मास्कला लावायचा वायू शोषणारा डबा) त्या-त्या वायूचेच लागते, आणि बंद टाकीत ऑक्सिजन कमी असेल तर काडतुसाचा काहीच उपयोग होत नाही. हे मॅनेजरला माहीत नसेल तर तो दुकानदार देईल ते घेऊन येतो.

प्रश्नकर्ता — प्लेटिंगवाला

दोघांचेही मनापासून आभार. पिण्याच्या पाण्याचे कॅन कालच काढून टाकले. एकूण एकोणीस निघाले. आता एक अडचण उरते. ठेकेदार म्हणतो की त्याच्या माणसांना प्रशिक्षणासाठी बसवले तर त्या तासांचे पैसे कोणी द्यायचे. शिवाय दर दोन महिन्यांनी माणसे बदलतात.

उत्तर — कामगार कायद्याचा सल्लागार, ताराबाई पार्क

पैसे आपणच द्यावेत आणि हा वाद तिथेच मिटवावा. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. रसायनांचे धोके कामगारांना सांगणे हे भोगवटादाराचे (कारखान्याचा ताबा असलेल्याचे) कर्तव्य असल्याचे कलम ४१ बी मध्ये होते. निकटचा धोका दिसल्यास तो वरिष्ठांच्या लक्षात आणून देण्याचा कामगाराचा हक्क ४१ एच मध्ये होता. आणि प्रशिक्षण मिळण्याचा हक्क १११ ए मध्ये होता. त्या अधिनियमाच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच होता. आता हा विषय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या २०२० च्या संहितेत गेला असला, तरी ‘तो ठेकेदाराचा माणूस होता’ एवढ्यावर आपली सुटका होईल अशा भ्रमात राहू नये.

माणसे बदलतात त्यावर माझ्या एका अशिलाने केलेला उपाय सांगतो. नव्या कामगाराला पहिले तीन दिवस बाथवर एकट्याने उभे करत नाहीत; त्याच्याच भाषेतला एक जुना कामगार त्याच्यासोबत असतो, आणि चौथ्या दिवशी सुपरवायझर त्याला पाच प्रश्न विचारतो. रजिस्टरमध्ये कामगाराच्या सहीशेजारी ती पाच उत्तरे लिहिलेली असतात. निरीक्षकांनी ते पान पाहिले तेव्हा पुढची पाने उलटण्याची त्यांना गरज वाटली नाही.

जाता जाता शिरोलीकरांसाठी एक सूचना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरामुळे महामार्ग बंद पडला होता, हे आपल्याला आठवत असेलच. आपल्या आपत्कालीन आराखड्यात ‘अग्निशमन दलाला बोलवावे’ एवढेच लिहिले असेल, तर अशा दिवशी गाडी येणार कुठून? पावसाळ्यापूर्वी अ‍ॅसिड आणि सायनाइडचा साठा किती उंचावर, किती अंतरावर ठेवायचा आणि वीज गेल्यावर सांडपाण्याचे पंप बंद पडले तर कोणता व्हॉल्व्ह हाताने बंद करायचा, याची रंगीत तालीम मे महिन्यात रात्रपाळीला, दिवे घालवून एकदा घ्यावी.