सह्याद्री वाहिनी नेमकी कोणाची?

अँटेनावाला:
परवा कोणीतरी लिहिलं होतं की दूरदर्शनची मराठी वाहिनी सह्याद्री बंद केली तरी कोणाला कळणार नाही. डोकंच फिरलं वाचून, म्हणून हा धागा. २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीतून मुंबई दूरदर्शन सुरू झालं, दिल्लीनंतर देशातलं दुसरं केंद्र. पुढच्याच वर्षी सिंहगडावरचा मनोरा चालू झाला आणि पुण्यातल्या गच्च्यांवर अँटेना उगवल्या. टीव्हीला लायसन लागायचं, त्याचे पैसे आपण पोस्टात भरायचो. आणि मालक? आधी आकाशवाणीच्या पोटात, १९७६ ला वेगळं खातं, १९९७ ला प्रसार भारती, म्हणजे कागदोपत्री स्वायत्त असलेलं महामंडळ. पाट्या बदलल्या, किल्ल्या दिल्लीतच राहिल्या. १९८२ ला दिल्लीहून सगळ्या देशाला दाखवायचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि रात्रीची सगळ्यात चांगली वेळ हातातून गेली ती गेलीच. १९९४ ला उपग्रह वाहिनी झाली, २००० मध्ये सह्याद्री हे झकास नाव मिळालं, बास. माझं म्हणणं सरळ आहे, ही वाहिनी महाराष्ट्रातल्या एखाद्या स्वतंत्र ट्रस्टला द्या.

तिरकस:
ट्रस्ट!! आणि ट्रस्टवर माणसं कोण नेमणार, मंत्रालयच ना? इथे सरकार बदललं की महामंडळं बरखास्त होतात आणि नाराज आमदाराची सोय लागते. उद्या सह्याद्रीच्या अध्यक्षपदासाठी पण रस्सीखेच सुरू होईल. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१२ ला उगाच नाही सांगितलं की राज्य सरकारांनी प्रसारणात पडू नये म्हणून. दिल्ली निदान लांब तरी आहे.

अँटेनावाला:
अहो तिरकस, मी ट्रस्ट म्हटलं, राज्य सरकार कुठे म्हटलं?

तिरकस:
पगार कोण देणार ते सांगा, मग फरक कळेल.

रिमोट_माझ्याकडे:
मला ही मालकीची चर्चाच फुकाची वाटते, राग मानू नका. २००० साली ईटीव्ही मराठी आलं ते हैदराबादच्या रामोजी रावांचं, म्हणजे मालक तेलुगू, पण तालुक्यातली बातमी सगळ्यात आधी तिथेच दिसायची. आमच्याकडे पुलावरून पाणी गेलं की त्यांचा वार्ताहर गुडघाभर पाण्यात उभा, माईकला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, आणि मागे अर्धं गाव हात हलवतंय. वरळीला आमचं गाव नकाशावर तरी माहीत होतं का? एबीपी माझाचे मालक कोलकात्याचे, म्हणून तुम्ही बघायचं सोडलं का?

कलम_आणि_पोटकलम:
रिमोट, मालकीने फरक पडतो आणि तुमच्याच उदाहरणात पडलाय. स्टार माझाचं २०१२ मध्ये एबीपी माझा झालं ते कोणाला नाव आवडलं नाही म्हणून नाही. बातम्यांच्या वाहिनीत परदेशी पैसा २६ टक्क्यांच्या वर नको असा नियम होता, त्यामुळे कंपनीत एबीपीचे ७४ टक्के आणि परदेशी मालकीच्या स्टारचे २६. मग दोघांचं फाटलं, स्टारने नाव परत घेतलं. ईटीव्ही मराठीचं पण तेच, नेटवर्क१८ या कंपनीकडे गेलं आणि २०१५ ला कलर्स मराठी झालं. प्रेक्षकाला कोणी विचारलं? एका सकाळी लोगो बदललेला.

आणि अँटेनावाला, तुमच्या बाजूने पण एक मुद्दा देतो. १९९३ च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून भांडण कोर्टात गेलं, १९९५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, त्यात न्या. पी. बी. सावंत यांनी स्पष्ट लिहिलंय की प्रक्षेपणाच्या लहरी (एअरवेव्हज) ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यावर नियंत्रण स्वतंत्र सार्वजनिक संस्थेचं हवं. प्रसार भारतीचा कायदा तर १९९० चाच होता, सात वर्षं धूळ खात पडला आणि या निकालानंतर दोन वर्षांनी कुठे लागू झाला. स्वायत्तता कागदावर आहे, पैसा मात्र सरकारचा.

बांधावरून:
शहरातल्या लोकांनी सह्याद्रीवर निवांत भांडावं पण संध्याकाळी 'आमची माती आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम लागायचा तेव्हा आमच्या ओसरीवर चार घरचे लोक बसायचे. कपाशीवरच्या बोंडअळीवर अर्धा तास कुठली खासगी वाहिनी देईल, जाहिरातवाला पळून जाईल की! केबलवाल्याला ही वाहिनी दाखवावीच लागते कायद्याने, दूरदर्शनच्या फ्री डिश छत्रीवर फुकट दिसते, हे सगळं सरकारी आहे म्हणूनच आहे. ट्रस्टच्या हातात गेली आणि पैसे संपले की पहिली कुऱ्हाड कशावर पडेल ते सांगायला ज्योतिषी नको.

अँटेनावाला:
बांधावरून, हे मान्य, केबलचा नियम जाईल ही भीती खरी आहे. पण मग जुन्या टेपांचं काय? टेपा महाग म्हणून त्याच पुसून पुन्हा वापरल्या, सत्तरच्या दशकातली कितीतरी नाटकं, मुलाखती अशाच गेल्या. मालक इथला असता तर कोणीतरी दारात जाऊन बोंब मारली असती.

तिरकस:
वरळीच्या दारात जायला तेव्हा काय दिल्लीचं तिकीट लागत होतं? पुसणारे हात पण इथलेच होते की हो. त्यापेक्षा आधी एवढंच मागा, कुठल्या टेपा शिल्लक आहेत त्याची यादी जाहीर करा म्हणावं. त्याला ना ट्रस्ट लागतो ना कायदा, माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. मी टाकतो, मसुदा कलमराव करून देतील.

कलम_आणि_पोटकलम:
देतो. पण टेपांबरोबर हक्क कोणाकडे आहेत ते पण विचारा, नाहीतर यादी येईल आणि दाखवता काहीच येणार नाही.