४एल६०ई गिअरबॉक्स: रिबिल्डसाठी जुना नग कसा पारखावा?

प्रश्न (ओहायोकर)
नमस्कार. माझ्याकडे २००२ चा शेवरले सिल्व्हराडो १५०० ट्रक आहे. इंजिन ५.३ लिटरचे व्ही-८ असून ड्राइव्ह फक्त मागच्या चाकांना आहे. त्याच्या ४एल६०ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे केसिंग (बाहेरचे कवच) मागच्या बाजूला तडकल्याने रिबिल्डसाठी, म्हणजे पूर्ण खोलून झिजलेले भाग बदलण्यासाठी, दुसरा जुना नग घ्यायचा आहे. इथल्या जंकयार्डमध्ये तीन नग आहेत. पहिला विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार ‘चालू’ आहे, परंतु पूर्वी उघडलेला आहे. दुसरा कधीच उघडलेला नाही, मात्र त्यात रिव्हर्स आणि दुसरा गिअर पडत नाही. तिसरा १९९४ च्या ट्रकमधला आहे. कोणता घ्यावा?

प्रतिसाद (गिअरवेडा)
तिसरा सोडून द्या. तोही ४एल६०ईच आहे आणि त्याच्या पॅनलाही (तळाच्या तेलाच्या तबकालाही) १६ बोल्टच आहेत, पण त्या काळातले बेलहाउसिंग (इंजिनाला जोडणारा घंटेच्या आकाराचा पुढचा भाग) केसिंगसोबत एकसंध ओतलेले असल्यामुळे आपल्या इंजिनाचे बेलहाउसिंग त्यावर बसणार नाही. (पॅनला १७ बोल्ट दिसले, तर तो ४एल८०ई हा वेगळा गिअरबॉक्स समजावा.) नग ज्या गाडीतून काढला ती यार्डात उभी असेल, तर डॅशबोर्डच्या कप्प्यातली (ग्लोव्ह बॉक्समधली) कोडची चिठ्ठी अवश्य वाचा: एम३० म्हणजे ४एल६०ई आणि एम३२ म्हणजे ४एल६५ई. एम३२ मिळाल्यास सोडू नका, कारण त्याच्या प्लॅनेटरी संचात (गिअरच्या दातेरी चाकांच्या संचात) चारऐवजी पाच पिनियन, म्हणजे छोटी दातेरी चाके, असतात. फोर-व्हील-ड्राइव्हच्या नगाचा आउटपुट शाफ्ट वेगळा असतो, पण सगळे सुटे होणारच असल्याने आपल्या जुन्या नगातला शाफ्ट, तो सुस्थितीत असल्यास, वापरता येईल.

प्रतिसाद (ट्रान्समिशन-मिस्त्री)
मी दुसऱ्या नगाच्या बाजूने आहे. या गिअरबॉक्सात रिव्हर्स, दुसरा आणि चौथा एकाच वेळी गेले, तर बहुधा सन शेल (आतल्या मधल्या दातेरी चाकाला फिरवणारी धातूची वाटी) तुटलेली असते, आणि ती रिबिल्डमध्ये तशीही मजबूत प्रकारची बसवली जाते. त्याचप्रमाणे तिसरा-चौथा गेला असेल, तर त्यांच्या क्लच प्लेटा जळालेल्या असतात. त्याही बदलायच्याच आहेत. उलट, पूर्वी उघडलेल्या नगात कोणी कोणत्या वर्षाचा पंप कोणत्या व्हॉल्व्ह बॉडीशी (तेलाचा दाब वळवून गिअर बदलणाऱ्या भागाशी) जोडला आहे, हे खोलल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर पैसे दिलेले असतात.

विक्रेता पॅन काढू देत असेल, तर चुंबकावरचा बारीक करडा लेप पाहून घाबरू नका. धातूचे तुकडे किंवा बुशिंगची (शाफ्टला आधार देणाऱ्या नळीची) पिवळी कीस दिसली, तर मात्र शाफ्ट आणि ड्रम यांच्यावरच्या झिजेची शंका घ्या. केसिंगच्या आतल्या खाचा, ज्यांत क्लच प्लेटांचे दात अडकतात, त्या झिजल्या असतील तर नग नाकारावा. व्हॉल्व्ह बॉडीतल्या टीसीसी (टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच) व्हॉल्व्हचे भोक झिजल्याने गाडीच्या संगणकात पी१८७० हा बिघाडाचा कोड येतो, पण ते दुरुस्त करता येते.

ओहायोकर
आभारी आहे. दुसराच घेतो. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलाद्वारे गिअरबॉक्सला देणारा भाग) त्याच्यासोबत येत आहे. तो वापरू का?

ट्रान्समिशन-मिस्त्री
नको. त्यात अडकलेला धातूचा चुरा नव्या कामात उतरेल. कन्व्हर्टर रिबिल्ट घ्या, आणि गिअरबॉक्सचे तेल थंड करणाऱ्या कूलरची लाइनही धुऊन काढा.