सीएच३२व्ही००३ : उत्पादकाचा कंपायलर सोडून मूळ जीसीसीवर येताना इंटरप्टचे काय करावे?

प्रश्न
सीएच३२व्ही००३ या डब्ल्यूसीएच कंपनीच्या रिस्क-व्ही मायक्रोकंट्रोलरसाठीचा माझा प्रकल्प सध्या उत्पादकाने बदल करून दिलेल्या जीसीसी कंपायलरवर बिल्ड होतो. काही वर्षांनी हेच फर्मवेअर पुन्हा बिल्ड करावे लागले, तर नेमकी तीच टूलचेन हाताशी असेल याची खात्री नसल्याने तो मूळ जीसीसीवर आणायचा आहे. मूळ कंपायलरला ‘एक्सडब्ल्यू’ हे उत्पादकाचे एक्स्टेन्शन (सूचनासंचातील जादा सूचना) मान्य नाही, आणि हँडलरवरील (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनवरील) ‘डब्ल्यूसीएच-इंटरप्ट-फास्ट’ हे ॲट्रिब्यूट (कंपायलरसाठीची खूण) तो केवळ इशारा देऊन वगळतो. या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले तर चालेल का?

उत्तर १
कृपया तसे करू नका. इंटरप्ट येताच या चिपचा कोअर कॉलर-सेव्ह्ड रजिस्टर्स (कॉल झालेले फंक्शन जी खुशाल बदलू शकते ती) स्वतःच जतन करतो. ती कंपायलरने पुन्हा जतन करू नयेत, मात्र फंक्शन ‘रेट’ या साध्या परतीच्या सूचनेऐवजी ‘एमरेट’ या इंटरप्टमधून परतण्याच्या सूचनेने संपवावे, एवढेच ते ॲट्रिब्यूट सांगते. ते गळाले की हँडलर साध्या फंक्शनसारखा ‘रेट’ने संपतो आणि पहिल्याच इंटरप्टला प्रोग्राम भरकटतो. सर्वांत सुरक्षित मार्ग असा, की स्टार्टअप फाइलमध्ये हेक्स ८०४ या सीएसआरमध्ये (नियंत्रण व स्थिती रजिस्टरमध्ये) जी किंमत लिहिली जाते तिचा सर्वांत खालचा बिट शून्य करून हार्डवेअर स्टॅकिंग (रजिस्टर्सचे हे आपोआप होणारे जतन) बंद करावे आणि प्रत्येक हँडलरला जीसीसीचे प्रमाणित ‘इंटरप्ट’ ॲट्रिब्यूट द्यावे. काही सायकल जास्त लागतील, पण बहुतेक कामांत ते परवडते.

हँडलर ‘नेकेड’ करून (म्हणजे कंपायलरला सुरुवातीचा व शेवटचा कोड जोडू न देता) शेवटी ‘एमरेट’ लिहिण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो मला धोकादायक वाटतो. कंपायलरने आत एस० सारखे कॉली-सेव्ह्ड रजिस्टर (वापरणाऱ्या फंक्शननेच जतन करायचे) वापरले, तर ते कोणीच जतन करत नाही, आणि ऑप्टिमायझेशनची पातळी बदलेपर्यंत हा दोष लपून राहू शकतो. वेग हवाच असेल, तर हार्डवेअर स्टॅकिंग चालू ठेवून नेकेड फंक्शनमध्ये खऱ्या हँडलरचा कॉल आणि ‘एमरेट’ एवढेच ठेवावे.

उत्तर २
‘एक्सडब्ल्यू’ म्हणजे बाइट व हाफवर्ड लोड-स्टोअरच्या १६ बिटांच्या सूचना. त्या सोडल्याने कोड थोडा वाढेल, म्हणून १६ केबी फ्लॅश काठोकाठ भरली असेल तर आधी आकार पाहावा. जीसीसी १२ पासून ‘झेडआयसीएसआर’ (सीएसआरच्या सूचनांचे एक्स्टेन्शन) आर्किटेक्चरच्या पर्यायात वेगळे लिहावे लागते. अन्यथा सीएसआरच्या सूचनांवर असेंब्लर अडतो. एबीआय (फंक्शन कॉलचे नियम) ‘आयएलपी३२ई’ ठेवावा आणि त्यासाठीची लिबजीसीसी (गुणाकारासारखी कामे सॉफ्टवेअरमध्ये करणारी कंपायलरची लायब्ररी) टूलचेनमध्ये आहे ना, हे तपासावे, कारण या कोअरमध्ये गुणाकाराची सूचना नाही.

उत्तर ३
जुनी टूलचेनही स्रोतासह जपून ठेवावी. जीसीसी जीपीएल परवान्याखाली असल्याने, बायनरी मिळालेल्याला तिचा बदललेला स्रोत मिळण्याची तरतूद त्या परवान्यातच आहे. खरा उपाय मात्र उत्पादकांनी आपले बदल मूळ प्रकल्पात देणे हाच आहे. टी-हेड या चिप कंपनीची एक्स्टेन्शन्स जीसीसी १३ मध्ये याच मार्गाने आली.