खुनी कोण ते नटावरूनच कळतं

रहस्यकथेवर चित्रपट काढताना खुन्याच्या भूमिकेला नटांच्या यादीतला सर्वात वजनदार नट हवा, असं एक मत आहे. शेवटच्या कबुलीजबाबासाठी हवाच, पण मग रहस्य श्रेयनामावलीतच फुटतं. एवढा मोठा माणूस पहिल्या तासात नुसता चहा ओतून गेला की प्रेक्षक ओळखतो, हाच तो! पुस्तकात ही अडचण नाही. तिथे माळी आणि वकील दोघांचीही नावं सारख्याच छापील अक्षरांत.

आगगाडीत झालेल्या खुनावरच्या, १९७४ च्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ या चित्रपटात दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने यावर नामी तोड काढली. शॉन कॉनरी, लॉरेन बकॉल, अँथनी पर्किन्स... अख्खा डबाच नामवंतांनी भरला. बोट ठेवणार कोणावर? इन्ग्रिड बर्गमनला तर आधी राजकन्येची भूमिका देऊ केली होती, तिने बावरलेली स्वीडिश मिशनरी मागून घेतली. तिची चौकशी एकाच सलग शॉटमध्ये आहे, कॅमेरा तिचा चेहरा सोडतच नाही, आणि एवढ्याशा कामाला ऑस्कर! (पुढचं सांगत नाही, कुणी पाहिला नसेल तर.) सगळेच तगडे नट परवडत नसतील तर खुनी म्हणून रंगभूमीवर मुरलेला, पण पडद्यावर फारसा न दिसलेला कुणीतरी सुचवा.