दापोलीकडच्या घरी नेट घ्यायचंय, पण आधी बाबांचा फोन घरात लागायला हवा

माहेरवाशीण_डोंबिवली:

नमस्कार मंडळी. माझं माहेर दापोली तालुक्यात, मुख्य रस्ता सोडून खाली उतरावं लागतं अशी वाडी. घर आजोबांच्या वेळचं, जांभ्याच्या हातभर जाड भिंती, वर कौलं, मागे आगर. आईबाबा दोघंच असतात.

घरात कुठल्याच कंपनीची रेंज नाही. खळ्यात तुळशीपाशी एखादी कांडी येते, पाखाडी (दगडी पायवाट) चढून गडग्यावर (दगडी बांधावर) उभं राहिलं की दोन. बाबा चौऱ्याहत्तरचे. फोन वाजला की "थांब थांब, बाहेर येतो" म्हणत चपला शोधतात, तोवर कट. वाजतो तोही नशिबाने, बहुतेक वेळा "संपर्क क्षेत्राच्या बाहेर". पावसाळ्यात छत्री, बॅटरी आणि फोन असं तिन्ही सांभाळत शेवाळलेल्या पाखाडीवरून जातात आणि इकडे माझा जीव टांगणीला. बँकेचा ओटीपी मुदत संपल्यावर पोचतो. आईचं म्हणणं, "पूर्वी पत्र यायचं तेच बरं होतं, निदान घरात बसून वाचता यायचं."

आत्ताच्या कंपनीला (नाव राहू दे) फोन केला तर "मॅडम, तुमच्या भागात नेटवर्क उत्तम दिसतंय, हँडसेट बंद करून चालू करा." बाबा म्हणाले, मी बंद करून चालू होतो, त्याने काही होईल का विचार.

आता गावात टीव्हीच्या केबलवाल्याने फायबर, म्हणजे नेटची काचेची वायर, आणलीय, वरच्या वाडीपर्यंत पोचलीय. दुसरीकडे दापोलीचा मोबाइलवाला सांगतोय छपरावर डबा बसवून हवेतलं नेट घ्या, वायरची कटकट नाही. आमच्याकडे वांदरं इतकी की डिश टीव्हीची छत्री सरळ राहत नाही, त्यामुळे वायर म्हटलं की धडकी भरते. मला गणपतीत आणि मे महिन्यात तिथून ऑफिसचं कामही करायचं आहे, पण ते नंतरचं. नेट घेतलं तर बाबांचा साधा फोन घरात लागेल का? व्हॉट्सअॅप कॉल नको, त्यांना बँकेतून, डॉक्टरांकडून, नातेवाईकांकडून येणारे फोन हवेत. आणि ते इंटरनेट वापरतच नाहीत, मग रोजच्या दोन जीबीचे पैसे दर २८ दिवसांनी का भरायचे, हाही एक प्रश्न आहेच.

---

बिनधास्त_बोला:

एअरफायबर, म्हणजे ते हवेतलं नेटच, घ्या, डोळे मिटून. आमच्याकडे रत्नागिरीत शंभरचा स्पीड मिळतो, भावाने आयपीएल मोठ्या टीव्हीवर पाहिली. वायर, खांब, केबलवाल्याच्या मागे धावणं, कोण करतंय आता?

---

लाल_दिवा:

ताई, मी चिपळूण पट्ट्यात फायबर जोडायचं काम करतो. कुठल्या कंपनीचं ते विचारू नका, बहुतेक सगळ्यांचं करून झालंय. वरच्या भाऊंचं रत्नागिरी शहराला लागू आहे, तुमच्या वाडीला नाही. हवेतल्या नेटचा डबा ५जी टॉवरकडे तोंड करून बसवायचा असतो. तुमचं घर खलाटीत, मधे डोंगराचं पोट आणि आंब्याची झाडं. दुकानदाराला म्हणा, आधी ५जी फोन घेऊन ये, कौलांवर चढ, तिथे ५जी दिसतंय का ते दाखव, मग पैशाचं बोलू. चढणार नाही तो.

म्हणजे फायबर. पण फायबर घेताना लोक कंपनीचं नाव आणि स्पीड विचारतात. मी म्हणतो, वायरमनचं घर कुठे आहे ते विचारा. जुलैत रात्रीच्या वाऱ्यात जांभळाची फांदी पडून केबल तुटणार, हे धरूनच चाला. तुटलेली काच जोडायला स्प्लायसिंग मशीन लागतं. ते मशीन त्याच्याकडे आहे, की तो दापोलीहून, खेडहून मागवतो? स्वतःचं मशीन असलेला केबलवाला दुसऱ्या दिवशी लाइन चालू करतो. मागवणारा "पाऊस थांबू दे" म्हणतो आणि आपल्याकडे पाऊस कधी थांबतो ते तुम्हाला माहीत आहे. वरच्या वाडीत ज्यांच्याकडे जोडणी आहे त्यांना विचारा, गेल्या पावसात तुटली तेव्हा किती दिवसांनी आला. एवढ्यावरून घ्यायचं की नाही ते कळेल.

ग्रामपंचायतीत भारतनेटची (सरकारच्या गावोगावच्या नेट योजनेची) फायबर आली असेल तर तिथेही चौकशी करा. बीएसएनएलचे स्थानिक भागीदार तिथून घरापर्यंत जोडणी देतात. पण प्रश्न तोच, माणूस कुठे राहतो.

वांदरांचं म्हणाल तर ती वायर खातात असं फारसं पाहिलं नाही. लोंबकळतात. खांबापासून घरापर्यंत जी काळी चपटी वायर येते, तिला आपण ड्रॉप म्हणतो, तिच्यात पोलादाची तार असते, वजन तीच घेते. ती तार दोन्ही टोकांना नीट आवळून बांधली तर वांदर लटकून गेलं तरी चालतं. आमची पोरं घाईत नुसती खिडकीच्या गजाला गुंडाळतात. मग सगळा ताण काचेवर. आगरातून आणू देऊ नका, माडाची झावळ पडली की संपलं. पाखाडीच्या बाजूने आणायला लावा, दोन-तीनशे रुपयांची वायर जास्त लागली तरी.

घरात आल्यावर कोपऱ्यात काटकोनात मोडून क्लिप ठोकू द्यायची नाही. काच आतून तुटली नाही तरी वाकलं तिथून उजेड गळतो, आणि नेट त्या उजेडावरच येतं. गोल वळण हवं.

आता खरं काम. बसवून झाल्यावर तो मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवेल आणि चहा पिऊन निघेल. त्याला थांबवा आणि म्हणा, पॉवर मीटर लाव, डीबी किती येतो दाखव. डीबी म्हणजे वायरमधून किती उजेड पोचतो त्याचं माप, आकडा वजामध्ये येतो. वजा १८ ते वजा २२ आला तर उत्तम. वजा २७ च्या पुढे गेला की घरात बसवलेला नेटचा डबा लटपटायला लागतो. आणि हे साधं उणे-अधिक नाही, तीन डीबी कमी म्हणजे उजेड अर्धा. वाटेत एकाची आठ तोंडं करणारा स्प्लिटर लावला की तो एकटाच दहाच्या आसपास खातो. जॉइंट कच्चा असेल तर वर आणखी. हा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या पावसात नेट रडायला लागलं की तो पुन्हा मोजायला लावा. दोन-तीनने घसरला असेल तर लाइनमध्ये गडबड आहे आणि "तुमच्या मोबाइलचा प्रॉब्लेम आहे" हे बोलायला त्याला जागा उरत नाही.

डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे उजेड येतच नाही, वायर तुटलीय किंवा सुटलीय. अशा वेळी बाबांना डबा बंद-चालू करायला सांगू नका, थेट फोन करायला सांगा. (गडग्यावरून करावा लागेल, ते आहेच.)

जांभ्याच्या भिंतीचं एक. डबा माजघरात ठेवा, वायर जिथून आत आली तिथेच माळ्यावर टाकू देऊ नका. वायफायची दोन नावं दिसतील, त्यातलं ५ गिगाहर्ट्झवालं पहिल्या भिंतीतच जीव सोडतं, २.४ वालं दुसऱ्या खोलीपर्यंत जातं. पडवीत झोपाळ्यावर बसून बोलायचं असेल तर माजघरातून लॅन वायर ओढून पडवीत दुसरा राउटर लावा. सॉकेटमध्ये खोचायचे रिपीटर विकतात, ते जांभ्याच्या घरात पैशाचा चुराडा आहेत, माझं स्पष्ट मत.

आणि हो, बाबांचा फोन घरात लागेल. त्याला वायफाय कॉलिंग म्हणतात. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केलं, वेगळे पैसे नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन एकदा चालू करायचं. मग टॉवर नसला तरी नेहमीच्याच नंबरवर नेहमीसारखा फोन वाजतो, समोरच्याला काही करावं लागत नाही. आमच्या घरी ओटीपीही त्यातूनच येतात. अट एकच, हँडसेटमध्ये ही सोय हवी. बाबांकडे बटणांचा फोन असेल तर बहुतेक नसणार. सिम तुमच्या फोनमध्ये घालून डोंबिवलीला तपासू नका, त्यांच्याच फोनमध्ये तपासा.

---

तेरावा_महिना:

लाल_दिवांनी सगळं सांगितलंय, मी रिचार्जपुरतं बोलतो. माझ्या नावातच ते आहे. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा, हे ज्याने शोधून काढलं त्याला एखादी पदवी द्यायला हवी.

ट्रायने (फोन कंपन्यांवर नियम लावणारी सरकारी संस्था) २०२२ च्या जानेवारीत सांगितलं की प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवावाच. ठेवलेत. कुठे आहेत ते शोधावं लागतं. तुमच्या कामाचं त्यापुढचं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला की फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला पॅकही द्यायलाच हवा, आणि मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल. २०२५ च्या सुरुवातीला असे पॅक आले. अॅप उघडलं की आधी ५जी, मग चित्रपट, मग क्रिकेट, आणि पार तळाला हा. दुकानात गेलात तर "फक्त बोलण्याचा, लांब मुदतीचा" असं स्पष्ट म्हणा, नाहीतर तो नेहमीचाच मारतो.

बाबांना हे चपखल बसेल. बाहेर नेट लागत नाही, घरात वायफाय आहे. पण रिचार्ज संपू देऊ नका. काही लोकांना वाटतं वायफायवरून कॉल म्हणजे सिमला पॅक नसला तरी चालेल. तसं नाही.

---

केळशीवाला:

सगळं ठीक आहे, पण लाइट गेल्यावर काय? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आम्ही इथेच होतो. माड, सुपारी, विजेचे खांब, सगळं आडवं. आमच्याकडे लाइट यायला आठवडे लागले, टॉवर मुके. मुंबईतला मुलगा टीव्ही बघून वेडापिसा, आणि आम्ही जिवंत आहोत हे सांगायला माणूस मोटरसायकलवर दापोलीला पाठवावा लागला. तेव्हा फायबर आली म्हणून सिमकडे दुर्लक्ष करू नका. गडग्यावर ज्या कंपनीची रेंज सगळ्यात बरी, तिचं सिम बाबांच्या फोनमध्ये हवंच. दोन सिम ठेवा, दोन्ही एकाच कंपनीची नकोत. एवढंच.

---

माहेरवाशीण_डोंबिवली:

सगळ्यांचे मनापासून आभार. वरच्या वाडीत विचारलं. केबलवाल्याचं घर बाजारपेठेत आहे, मशीन स्वतःचं आहे, गेल्या श्रावणात दोनदा तुटली आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी आला म्हणे. काल येऊन बसवून गेला. आकडा विचारल्यावर जरा चपापला, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मग गाडीतून मीटर आणलं. वजा २४.६ आला. म्हणाला, "मस्त आहे, चालतंय ना?" चालतंय खरं. वायफाय कॉलिंगही चालू झालं, बाबांनी पहिला फोन केला तो शेजारच्या काकांना, हाक मारली असती तरी ऐकू गेलं असतं. आता पडवीत जाताना फोन मधेच कटतो, त्यावर चिडलेत.

नंबर पोर्ट करावा का, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलावी का? गडग्यावर दुसऱ्या कंपनीची रेंज बरी आहे. आणि लाइट गेली की डबा बंद, त्याला काय?

---

तेरावा_महिना:

पोर्ट करा. त्यांच्याच नंबरवरून १९०० ला एसएमएस, पोर्ट असं इंग्रजीत लिहून पुढे नंबर. जो कोड येतो तो चार दिवस चालतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात तीन कामाचे दिवस. सिम नुकतंच बदललं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही, हा २०२४ चा नियम. बदल होताना काही तास फोन मुका राहतो, तेवढा पेन्शनचा दिवस टाळा. आणि नव्या कंपनीचं वायफाय कॉलिंग बाबांच्या हँडसेटवर चालतं का ते आधी बघा, नाहीतर पुन्हा गडगा.

---

लाल_दिवा:

पडवीत कटतो कारण माजघरातलं वायफाय संपतं आणि पुढे पकडायला टॉवर नाही. लॅन वायर ओढून दुसरा राउटर, वर सांगितलाय तो. दोन्हींना वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच द्या.

लाइटचं सोपं आहे. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, राउटरसाठीच असतो, डब्याच्या अॅडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. तीन-चार तास निघतात. पण केबलवाल्याला विचारा, त्याच्या कंट्रोल रूमला बॅटरी किती तासांची आहे. त्याची अर्ध्या तासात बसत असेल तर तुमचा यूपीएस नुसता शोभेला. वीज कडाडायला लागली की मात्र अॅडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवा. काचेतून करंट येत नाही, विजेच्या लाइनमधून येतो.

वजा २४.६ वर मी सही केली नसती. आज चालतंय, पण भादव्यात जॉइंटच्या डब्यात पाणी शिरलं की दोन-तीन सहज जातात आणि तुम्ही काठावर. पैसे पूर्ण दिले नसतील तर थोडे राखून ठेवा आणि खांबावरचा जॉइंट पुन्हा मारायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे. वजा २२ च्या आत आणून दिलं तर त्याला चहाबरोबर काहीतरी खायलाही द्या.