कागदी पौंड रद्दीत काढू नका

ब्रिटनच्या कागदी वीस पौंडांच्या नोटा आता रद्दीच, दलाल देईल ते घ्यावं, असं एकाचं मत वाचून राहवलं नाही. मीही तसंच समजून काकांच्या पाच नोटा फोर्टातल्या एका दलालाला निम्म्या भावात दिल्या. कागदी वीस आणि पन्नास पौंड ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, इतकंच. बँक ऑफ इंग्लंड, म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक, मात्र जुनी नोट कितीही वर्षांनी पूर्ण किमतीला बदलून देते, लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या काउंटरवर किंवा पोस्टाने, ओळखपत्र लागतं. काकांनी ते पैसे लंडनच्या साउथॉल भागात रात्रपाळ्या करून साठवले होते, ते फार लागतं मनाला. कुणी लंडनला जाणारं भेटेपर्यंत नोटा कपाटातच राहू द्या.